मांडणीतली लक्ष्मी

शाहूपुरी, कोल्हापूर
२ ऑगस्ट १९५४

अण्णांस,

रेवणसिद्धाचा नमस्कार. एरवी पत्राच्या सुरुवातीला तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. या खेपेला उभ्यानंच लिहितो आहे. राग यायचा तो येऊ दे. तो बरोबर घेऊनच तुम्ही गडहिंग्लजची गाडी धरलीत, त्यात माझ्या कागदानं काय भर पडणार?

शिवम्मा वैनींच्या चिठ्ठीतून तुमच्या तिन्ही अटी कळल्या. वखारीतल्या लोखंडी मांडण्यांवरची विजेची तार मी तोडली, ती होती तशी जोडायची. मांडणीपुढं नारळ फोडून लक्ष्मीची क्षमा मागायची. आणि झाडलोटीच्या तानाबाईला वखारीच्या दारात पुन्हा उभी करायची नाही. एवढं केलं तर सख्खे भाऊ, नाहीतर दिवाळीच्या पाडव्याला एका अडतीच्या दोन अडती.

तिन्हींचं उत्तर एकच. नाही.

तुम्ही तिकडं बाजारात काय सांगता ते मला इथं ऐकू येतं. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. गुळाची ढेप, अख्खा रवा, बोटानं वाजवून आत पाणी किती हे सांगणारा मी, पन्नास मैलांवरच्या भावाचं बोलणं मला कोण ना कोण आणून देतंच. तुम्ही म्हणता, तानाबाई त्या दिवशी बाजूला बसायची होती, तशीच येऊन तिनं मांडणीला हात लावला आणि लक्ष्मीनं तिला फेकून दिली.

अण्णा, आपल्या लिंगायतांत विटाळ कधीपासून मानायला लागले? अव्वा त्या चार दिवसांतही हातावर लिंग घेऊन पूजेला बसायची. मी तिच्या शेजारी बसून विभूती लावून घ्यायचो, तुम्हीही घ्यायचात. गुळाच्या बाजारात वीस वर्षं काढल्यावर तेवढं विसरायला झालं का?

आणि फेकली म्हणता तेही खोटं. फेकली असती तर मी साखर वाटली असती. धरून ठेवली होती.

आठवत नसेल तर सांगतो. आषाढातला पाऊस, आठ दिवस उघडीप नाही. हवेनं गूळ पाझरायला लागला होता, मांडणीच्या पट्ट्यांवरून काकवी खाली गळत होती. तानाबाई ओल्या फडक्यानं फरशी पुसत होती. पाय अनवाणी, कारण गूळ म्हणजे लक्ष्मी, तिच्या वखारीत वहाणा घालून जायचं नाही हा तुमचाच दंडक. पुसून झाल्यावर उठायला तिनं उजव्या हातानं मांडणीचा खांब धरला. तो तिला सोडता येईना. अंग थडथडायला लागलं, दातखीळ बसली. आणि आपल्या माणसांनी काय केलं? पिराजी मुकादम हमालांना म्हणाला, "आरं सरका मागं, बाईच्या अंगात आलंया!" सगळ्यांनी हात जोडले. तुम्ही हळद-कुंकवाचं ताट मागवलंत. एक बाई मरत होती आणि तिच्यापुढं सहा माणसं हात जोडून उभी होती.

मी पुढल्या खोलीत होतो. लोखंडाचा आवाज बदललेला मला ऐकू आला. धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. मग ती पडली. त्याला तुम्ही फेकणं म्हणता.

तिचा तळवा भाजला आहे. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. डॉक्टर म्हणतात, जीव वाचला हेच पुष्कळ.

आणि दुसऱ्याच दिवशी, मी औषध आणायला गेलो असताना, तुम्ही तिला कामावरून काढलंत. म्हणून तार मी संध्याकाळी तोडली. तुमच्यासमोर तोडली, लपून नाही.

रेवणसिद्ध


शाहूपुरी
१४ ऑगस्ट १९५४

अण्णांस,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्डावर भांडू नका, पोस्टमन वाचतो. परवा त्यानं मला विचारलंच, "मालक, तार कुनी लावलीती म्हनं?"

तुमचा प्रश्नही तोच. मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं, पण तार कुणी लावली तेवढं लिहिलं नाही असं तुम्ही बरोबर पकडलंत. व्यापारी माणूस तुम्हीही आहात.

मी लावली.

दोन वर्षांमागं वखारीत दिवे घेतले. वायरमन म्हणाला, तार भिंतीवरून न्यायची, लाकडी पट्टीतून, हात पोचणार नाही इतक्या उंच. मी म्हटलं, पट्टी कशाला? एवढं लोखंड उभंच आहे की. लढाईनंतर लष्कराच्या लिलावातून त्या मांडण्या मीच ओढून आणल्या होत्या. फरशीच्या ओलीपासून गूळ उचलून ठेवायचा ही युक्ती अख्ख्या शाहूपुरीत पहिल्यांदा माझी, तिचा मला फार डौल. मुंग्या चढू नयेत म्हणून मांडण्यांचे पाय लाकडी ठोकळ्यांवर ठेवले तेही मीच. तर वायरमन गेल्यावर मी स्वतः शिडीवर चढलो आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळीनं तार बांधत गेलो. तुम्ही खालून शिडी धरली होती. लहानपणच्या कानडी हाकेनं म्हणालात, "तम्मा, तू खरा व्यापारी." मलाही ते फार गोड लागलं.

आता पुढचं ऐका. इथं सिनेमाच्या स्टुडिओत दिवे लावायचं काम करणारा त्र्यंबक म्हणून एक जण आहे. काटकुळा, विडी ओढणारा, पण हाताचा पक्का. त्याला बोलावून आणला. त्यानं आधी तार हातात घेतली आणि हसला. तारेवरचं कापड गुळाच्या पाकानं भिजून भिजून गोड झालेलं. उंदरांनी ते जिलबीसारखं खाल्लं होतं. तीन ठिकाणी उघडं तांबं लोखंडाला टेकलेलं.

मी म्हटलं, "हे माझ्या माणसांना दाखव. माझ्या तोंडाचं ते ऐकणार नाहीत."

त्यानं हमालांना लांब उभं केलं. तार तात्पुरती होती तशी जोडली. एक दिव्याचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी. एक वायर लाकडाच्या काठीनं मांडणीला टेकवली, दुसरी बाहेरच्या नळाच्या पाइपला. बल्ब लागला. लख्ख.

आणि आमच्या पिराजीनं परत हात जोडले!

"आता काय झालं?" त्र्यंबक म्हणाला.

"दिवा लागला की वो. बटन न्हाय, काय न्हाय. आई जागी हाय!"

त्र्यंबकनं मला खूण केली. मी मेन स्विच ओढला. बल्ब विझला. परत चढवला, लागला. ओढला, विझला. असं चारदा केलं. पिराजीचे हात हळूहळू खाली आले. डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजी आईची कळ धाकल्या मालकांच्या हातात हाय व्हय?"

हसले सगळे. पण मग कुणी हसेना. त्यांतला प्रत्येक जण त्या दिवशी हात जोडून उभा होता, आणि ते प्रत्येकाला आठवलं. पिराजी बाहेर जाऊन पायरीवर बसला तो तासभर उठला नाही.

त्र्यंबकनं मला ठोकळ्यांचंही समजावलं. लोखंड लाकडावर उभं, म्हणून त्यातल्या विजेला जमिनीत उतरायला वाट नाही. ती वाट बघत बसते. कुणी अनवाणी माणूस हात लावतो, तो तिचा जिना होतो. हिवाळ्यात फरशी कोरडी आणि पायाचं कातडं कोरडं, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पावसाळ्यात फरशी ओली, हात ओला, म्हणजे जिना चांगला रुंद. गेल्या मार्गशीर्षापासून त्या झिणझिण्यांना तुम्ही जागृत लक्ष्मी म्हणत होता, तसबीर लावली होती, गूळ घेऊन येणारा शेतकरी आधी मांडणीला हात लावून अंगावर काटा आणून घ्यायचा आणि मग माप घालायचा. लक्ष्मीला मी नाकारत नाही अण्णा. पण तिला गरिबाच्या बाईचा हात भाजायची हौस नाही, एवढं मला कळतं.

आता तार भिंतीवर, लाकडी पट्टीत, वीज अडवणाऱ्या चिनीमातीच्या कपांवर. प्रत्येक मांडणीच्या पायाला तांब्याची जाड तार बांधून ती अंगणात खड्ड्यात पुरली आहे, भोवती कोळसा आणि मीठ. विजेनं उद्या परत वाट चुकली तरी माणसातून न जाता तिथून जमिनीत जाईल, आणि फ्यूज उडेल. आणि वखारीत आता रबरी तळाच्या वहाणा घालूनच शिरायचं. तुमचा दंडक मोडला. मीच मोडला.

नारळ फोडला नाही.

रेवणसिद्ध


शाहूपुरी
५ सप्टेंबर १९५४

अण्णांस,

तुमचं या खेपेचं पत्र लिफाफ्यातून आलं हे बरं केलंत. लिहिता, "चूक तुझी ती तुझ्यापाशी ठेव. चारचौघांत बोललास तर अडतीचं नाव जाईल. तानाबाईला गुपचूप साडीचोळी देऊन वाट लाव."

हेच मलाही आधी सुचलं होतं. तुमचाच भाऊ मी.

गणपतीआधी तिच्या घरी गेलो. दारातच बसलेली, डाव्या हातानं तांदूळ निवडत. मी म्हटलं, तानाबाई, चूक तुझी नव्हती, तार खराब होती, कामावर ये, वखारीत सगळ्यांना सांगतो.

ती मान वर न करता म्हणाली, "वखारीत कोन हाय आयकाया? हमाल? त्यास्नी ठावं झालंय. पिराजी येऊन माझ्या पायावर पडून गेला."

"मग?"

"मग काय? माझी आब्रू नळावर गेलीया. भांडं लावाय गेलं की बाया भांडी मागं वडत्यात. लेकीचं ठरत आलेलं मोडलं. म्हंत्यात, आईला देवीनं टाकलीया, लेक कशी करायची? सांगायचं आसंल तर नळावर सांगा. न्हायतर जावा."

घरी आलो. दोन दिवस जेवणावरून उठत होतो. तुमची भावजय रत्नव्वा म्हणाली, "नळावर जायला लाज वाटते का?" मी म्हटलं, वाटते. ती म्हणाली, "मग कळलं ना तिला काय वाटतं ते."

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पाणी यायची वेळ, चाळीस बायका, घागरी, कळशा, एकच गलका. पटका, कोट घातलेला पुरुष नळावर बघून एक म्हातारी म्हणाली, "काय पावणं, पानी भराया आलासा? घागर कुटं हाय?" हशा झाला. मीही हसलो, आणि मग बोललो. म्हटलं, मी शाहूपुरीतला रेवणसिद्ध. तानाबाईला देवीनं टाकलं नाही. मी टाकलं. पट्टी वाचवायला विजेची तार लोखंडाला बांधली ती मी. उंदरांनी खाल्ली. तिला धरलं ते विजेनं. बाई शुद्ध होती, तार खोटी होती.

मग ती म्हातारी, धोंडुबाई तिचं नाव, पुढं आली. म्हणाली, "झिनझिन्या थंडीपास्नं येत हुत्या म्हनं. मंग सा म्हयनं तुमी काय झोपलावता व्हय?"

अण्णा, इथं मला घरी परत येता आलं असतं. जे सांगायचं ते सांगून झालं होतं. आणि या प्रश्नाचं उत्तर जगात एकट्या मलाच माहीत होतं.

मी म्हटलं, "न्हाय. जागा होतो."

तुम्हालाही आज पहिल्यांदा सांगतो. थंडीतच एका संध्याकाळी वखारीत एकटा होतो. मांडणीपाशी उभा राहिलो आणि लोखंड गुणगुणताना ऐकलं. भुंगा डबीत कोंडल्यावर आवाज येतो तसा, बारीक. दिवे घालवले, आवाज गेला. दिवे लावले, आला. तुम्ही सगळे देवी म्हणत होता तेव्हा मला कळलं होतं ती काय आहे. मी काही बोललो नाही. त्या हिवाळ्यात आपल्याकडं आजरा, चंदगड, पार संकेश्वरपर्यंतच्या गाड्या येत होत्या. लक्ष्मीच्या मांडणीला हात लावायला येत होत्या. मनाला म्हटलं, झिणझिण्यांनी कोण मरतं? पावसाळ्याआधी बघू. पाऊस आला तेव्हा म्हटलं, पाऊस सरल्यावर बघू.

हे सगळं मी नळावर सांगितलं. एवढं नीट नाही, अडखळत. धोंडुबाईनं माझ्या पायापुढं थुंकलं. मी हललो नाही. मग तिनं तानाबाईला हाक मारली, "ये ग, लाव तुजी घागर." आणि रांगेत पुढं उभी केली.

तानाबाई माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "उद्या येते. झाडाया न्हाय येनार."

अडतीचं नाव गेलं का विचाराल. चाललं आहे. परवा एक शेतकरी मांडणीला हात लावून म्हणाला, "थंडगार की वो, लक्ष्मी गेली!" आणि त्यानं गाडी शेजारच्या अडतीकडं वळवली. अजूनही वळवतील. वळवू देत. गडहिंग्लजहून आपण दोघं पाठीवर ओझं घेऊन आलो तेव्हा कोणती गाडी आपल्या दारात उभी होती? मी परत ओझं उचलीन. पाठ अजून शाबूत आहे.

माफी मी मागितली, जिची मागायची तिची. तुमची मागणार नाही. शिडी तुम्ही धरली होती याबद्दल मात्र तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला गुणगुणणं ऐकू येत नव्हतं.

रेवणसिद्ध


शाहूपुरी
२० ऑक्टोबर १९५४

अण्णांस,

वैनींची चिठ्ठी आली. त्यातून असं समजलं की तुम्ही दोन अटी सोडल्या. तार भिंतीवर राहू दे, नारळ राहू दे. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला तुम्ही येता. फक्त त्या दिवशी तानाबाई समोर नको, मागं कुठंतरी असावी, "एका दिवसाचा तर प्रश्न."

अण्णा, वाचून डोळ्यांत पाणी आलं, हे लपवत नाही. तुम्ही वाकलात. तुमचं वाकणं मला जन्मात पहिल्यांदा दिसलं. वाटलं, एक दिवस काय, हो म्हणून टाकावं. पत्र लिहायला बसलो आणि तोच ती आत आली.

ती आता काय करते ते सांगतो. सकाळी सगळ्यांच्या आधी येते. भिंतीवरची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी चालत जाते. प्रत्येक मांडणीच्या पायाची तांब्याची तार घट्ट आहे का हलवून बघते. ऊन पडलं की अंगणातला खड्डा ओला राहावा म्हणून त्यात पाणी ओतते. त्र्यंबकनं चार दिवस शिकवलं, पाचव्या दिवशी तिनंच त्याची एक सैल गाठ दाखवली. तिनं होय म्हटल्यावर मेन स्विच चढतो, आणि तो तीच चढवते, डाव्या हातानं. उजव्याची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. पिराजी वहाणा विसरला तर त्याला दारातून परत पाठवते, आणि मुकादम मुकाट्यानं जातो.

तर ती आत आली. म्हणाली, "मोठं मालक पाडव्याला येनार म्हनं?"

मी म्हटलं, कुणी सांगितलं?

"पोस्टमननं." मग जरा थांबून म्हणाली, "मी त्या दिवशी येत न्हाय. उगं तुमा भावाभावांत कशाला?"

ही तिची मोठेपणाची गोष्ट, आणि मी ती घेतली असती तर सगळेच सुटलो असतो. मी म्हटलं, "तानाबाई, तू नाही आलीस तर दिवे कोण लावणार? दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

म्हणून हे उत्तर. पाडव्याला गुळाच्या पहिल्या रव्याची पूजा होईल. बाजार समोर उभा असेल, ज्यांनी गाड्या वळवल्या तेही बघायला येतील. त्या सगळ्यांपुढं वखारीचे दिवे तानाबाई लावेल. एक दिवस मागं बसवली की लोक म्हणतील, बघा, होतंच काहीतरी. नळावर जे मी पुसलं ते त्या एका दिवसात परत लिहिलं जाईल. तेवढा मोठा तो दिवस आहे. तुमच्यासाठीसुद्धा मी तो लहान करू शकत नाही.

दोन अडती करायच्या तर कागद घेऊन या, सही करतो. मांडण्या तुमच्या वाट्याला गेल्या तर न्या, पण त्यांच्या पायाची तांब्याची तार सुटली असं माझ्या कानावर आलं तर मी तुमच्या वखारीच्या दारात येऊन ओरडेन. भाऊ म्हणून नाही, ज्याला ऐकू येतं तो म्हणून.

वैनींनी चिठ्ठीच्या खाली, तुमच्या निरोपाच्या शेवटी, त्यांच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे. तुम्ही वाचली नसावी. "भावजी, हे आले न आले, मी येते. तानाबाईला हळदी-कुंकू मी लावणार."

पूजेला तीन पाट मांडायला सांगितले आहेत. एक माझा, एक तानाबाईचा, मधला तुमचा. तुम्ही आलात तर तिच्या शेजारी बसाल. नाही आलात तर पाट रिकामा राहील, आणि सगळ्या बाजाराला दिसेल तो कुणाचा. उचलून बाजूला ठेवणार नाही.

तुमचा धाकटा,
रेवणसिद्ध